मूडी पोर्ट्रेटचा लोरा: आठ महिने वापरल्यावर

दिवाळी अंकातल्या कथांसाठी चित्रं करायची होती, म्हणून मार्चमध्ये हा लोरा डाउनलोड केला. लोरा म्हणजे एआयने चित्रं बनवणाऱ्या मूळ मॉडेलला जोडायची, त्याला एखादी शैली शिकवणारी छोटी फाइल. तिचं वेट, म्हणजे चित्रावरचा तिचा जोर, कमी-जास्त करता येतं. घरच्या १२ जीबीच्या ग्राफिक्स कार्डावर एसडीएक्सएल या मूळ मॉडेलसोबत तो विनातक्रार चालतो.

पहिले दोन महिने मी तो चुकीचाच वापरला. वेट १ ठेवायचे आणि प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे मॉडेलला लिहून द्यायच्या वर्णनात, ‘उदास, गूढ, अंधारं’ असली विशेषणं ओतायचे. चित्र काळवंडायचं, पण चेहरा काही बोलायचा नाही.

काळोखाचं दुखणं तसं जुनंच. एसडीएक्सएलच्या आधीच्या स्टेबल डिफ्यूजन १.५ या मॉडेलमध्ये रात्र मागितली तरी कुठेतरी उजेड डोकावायचाच. मॉडेलला शिकवताना चित्रांत मिसळलेला नॉइज, म्हणजे विस्कळीत ठिपके, मूळ चित्र पुरतं पुसत नाही, सरासरी उजेडाचा माग उरतो. चित्र बनवताना मात्र सुरुवात निव्वळ नॉइजपासून होते. मग चित्र मधल्या करड्या उजेडाकडे ओढलं जातं. शिकवताना सगळ्या चित्राचा उजेड एकदम कमी-जास्त करणाऱ्या ऑफसेट नॉइजमुळे हे बरंच सुधारलं आणि एसडीएक्सएलला तो आधीच दिलेला आहे. त्यामुळे काळोख आता मिळतो. प्रश्न उरतो तो उजेडाचा.

विशेषणं काढून उजेडाची जागा सांगायला लागले, तेव्हा कुठे जमलं. ‘डावीकडून, डोळ्यांच्या थोडा वरून, एकच खिडकी, दुसरी बाजू सावलीत.’ असं सांगितलं की सावलीतल्या गालावर डोळ्याखाली उजेडाचा छोटा त्रिकोण उमटतो. पोर्ट्रेटवाले यालाच रेम्ब्रांट लायटिंग म्हणतात. हा त्रिकोण हा लोरा फार सुंदर देतो, त्याबद्दल पूर्ण मार्क.

खरी तक्रार कातडीची. एका कथेत नवऱ्याची वाट पाहत कंदिलाशी बसलेली आजी होती. वेट ०.८ च्या वर गेलं की सावळी आजी उजळ व्हायची, डोळे घारे व्हायचे आणि कपाळावरचं कुंकू विरून जायचं. नवरा परत यायच्या आधीच चित्रात ती विधवा! मी चरकलेच. वेट ०.६ वर आणलं आणि ‘सावळा वर्ण, काळेभोर डोळे’ स्पष्ट लिहिलं, तेव्हा ती परत आमच्याकडची दिसायला लागली. डोळ्यांतली चमकही तपासावी लागते. कंदील खाली ठेवलेला आणि बुबुळात मात्र वरून स्टुडिओचा चौकोनी दिवा, असं दर तीन-चार चित्रांत होतं. ते मी इनपेंटिंगने, म्हणजे तेवढाच भाग पुन्हा बनवून, सुधारते.

ग्रेन, म्हणजे जुन्या फोटोंसारखा दाणेदारपणा, लोराकडून घेऊ नका. छपाईसाठी चित्र मोठं केलं की तो ग्रेन चिखलासारखा दिसतो. शेवटी वेगळा घाला. शिवाय साध्या कागदावर शाई पसरते, सावल्या भरून जातात. प्रेसला पाठवण्याआधी त्या थोड्या उजळाव्याच लागतात.

आजीचं चित्र अंकात पानभर छापून आलं. कुंकू स्पष्ट दिसतंय.