शोकातून उभे राहिलेले घर : 'वांडाव्हिजन'

जॅक शेफर यांनी रचलेली आणि मॅट शॅकमन यांनी दिग्दर्शित केलेली 'वांडाव्हिजन' ही मार्व्हलची नऊ भागांची मालिका २०२१ मध्ये डिस्ने प्लसवर आली. अतिमानवी नायकांच्या कथांत शोक बहुधा पुढच्या लढाईचे निमित्त ठरतो. इथे तोच कथेचा गाभा आहे. आईवडील, भाऊ आणि शेवटी जोडीदार व्हिजन यांना गमावलेली वांडा न्यू जर्सीतील वेस्टव्ह्यू हे अख्खे गाव जादूने ताब्यात घेते आणि तिथे जादूनेच घडवलेल्या व्हिजन आणि जुळ्या मुलांसह जुन्या अमेरिकी विनोदी मालिकांसारखा संसार थाटते. पहिले कृष्णधवल भाग संथ वाटतील, पण लहानपणी सोकोव्हिया या काल्पनिक देशात कुटुंबासह अशीच मालिका पाहत असताना तिच्या घरावर बॉम्ब पडला होता, हे पुढे कळते तेव्हा त्या हशांचा अर्थच बदलतो.

आठवा भाग या मालिकेचे सर्वस्व आहे. वांडा एका मोकळ्या भूखंडावर येते. तिथे घराचा नुसता पाया आहे, आणि तिच्या हातातील जागेच्या कागदावर व्हिजनने लाल बदाम काढून, इथे आपण म्हातारे होऊ, अशा अर्थाचे चार शब्द लिहिले आहेत. ती कोसळते आणि तिच्या आक्रोशातूनच ते घर उभे राहते. एलिझाबेथ ओल्सनचा अभिनय इथे थरकाप उडवतो. शेवटच्या भागात गावाभोवतीची मायावी तटबंदी ती स्वतःच मागे घेते, जुळ्या मुलांना झोपवते, आपल्याला आई केल्याबद्दल त्यांचे आभार मानते आणि मग व्हिजनचा निरोप घेते. स्वीकार म्हणजे विसरणे नव्हे, हे या प्रसंगाइतके संयमाने क्वचितच दाखवले गेले असेल.

मात्र वांडाच्या दुःखाची किंमत गावकऱ्यांनी मोजली, आणि तिथे लेखन कमी पडते. झोपेतही तिचीच दुःस्वप्ने आपल्याला पडतात, असे ते तिला सांगतात. एक आई खोलीत अडकलेल्या मुलीला सोडवण्यासाठी गयावया करते. तरीही अखेरीस गावाचा तपास करायला आलेली अधिकारी मोनिका वांडाच्या त्यागाचीच महती सांगते. स्वतःची आई गमावलेल्या मोनिकाची सहानुभूती समजण्यासारखी आहे, पण तिच्या तोंडून मालिकेने वांडाला फार स्वस्तात क्षमा मिळवून दिली. शेवटच्या भागातील आकाशातल्या लांबलेल्या लढाईतून दोन मिनिटे काढून त्या आईची आणि मुलीची भेट दाखवायला हवी होती.