नाव १०५० टीआयचं, चिप २०११ ची: अपग्रेडच्या नावाखाली झालेली फसवणूक

घरचा जुना कॉम्प्युटर अपग्रेड करायला दुकानात देणार असाल, तर आधी हे वाचा. माझ्या बाबतीत हे पुण्यात घडलं: जीटीएक्स १०५० टीआय म्हणून जुनंच ग्राफिक्स कार्ड गळ्यात मारलं. तक्रार अजून चालू असल्यामुळे दुकानाचं नाव लिहीत नाही. पण फसवतात कसं ते सगळं सांगते, म्हणजे दुकान कुठलंही असलं तरी तुमच्या लक्षात येईल.

मी घरून डीटीपीचं काम करते. पुस्तकांची पानं लावणं, लग्नपत्रिका, आणि दिवाळी अंकांच्या दिवसांत जागरणं. २०१९ च्या शेवटी ओळखीच्या एका मुलाने मला कॉम्प्युटर असेंबल करून दिला. रायझन ३ ३२००जी, बी४५० चिपसेटचा मदरबोर्ड, ८ जीबीची एक ३२०० च्या वेगाची रॅम, २४० जीबीची एसएसडी, १ टीबीची हार्ड डिस्क आणि नावाजलेल्या कंपनीचा ४५० वॉटचा एसएमपीएस, म्हणजे सगळ्या पार्टना वीज पुरवणारा डबा. मॉनिटर सोडून सगळं २७ हजारांत बसलं. त्याने बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत, कॉम्प्युटरच्या बाजारात, आणि आसपास हिंडून एकेक पार्ट घेतला, प्रत्येकाचं जीएसटीचं बिल आणि खोकी माझ्या हवाली केली आणि बजावलं, "काकू, खोकी टाकू नका." ३२००जी मध्ये ग्राफिक्स आतच असतं, वेगळं कार्ड लागत नाही. कोरलड्रॉ, इनडिझाइन, श्रीलिपी सगळं त्यावर विनातक्रार चाललं.

मुलीने अॅनिमेशनचा कोर्स घेतला तेव्हा मात्र ते कमी पडायला लागलं. ब्लेंडर या अॅनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये एक फ्रेम रेंडर व्हायला, म्हणजे अंतिम चित्र तयार व्हायला, एवढा वेळ लागायचा की ती झोपायला जायची आणि मशीन चालू राहायचं. असेंबल करून देणारा मुलगा तोवर पुणं सोडून गावी गेला होता. म्हणून पेठेतल्याच एका दुकानात गेलो. बाहेर मोठा बोर्ड, आत काचेची कपाटं, गर्दीही बरीच. दुकानदार गोड बोलणारा. म्हणाला, "ताई, ग्राफिक्स कार्ड टाका, जीटीएक्स १०५० टीआय, ४ जीबी. कंपनी रिफर्बिश्ड आहे, म्हणजे कंपनीनेच दुरुस्त केलेलं, साडेपाच हजारात देतो. रॅम १६ करू, दोन ८ ची जोडी. आणि तुमचा एसएमपीएस जुना झालाय, कार्डाचा लोड झेपणार नाही, ५०० वॉटचा टाकू." जुनी रॅम आणि जुना एसएमपीएस तो बदल्यात घेणार होता. सीपीयू ठेवून जा, संध्याकाळी न्या. पैसे यूपीआयने दिले. बिल मागितलं तर पॅडवर हाताने लिहून दिलं: "ग्राफिक कार्ड, रॅम, एसएमपीएस". ना जीएसटी नंबर, ना मॉडेल, ना सिरीयल नंबर. पक्कं बिल हवं असेल तर १८ टक्के वर पडतील, म्हणाला.

संध्याकाळी त्याने मशीन चालू करून डिव्हाइस मॅनेजर उघडून दाखवला. तिथे स्वच्छ लिहिलेलं होतं, एनव्हिडिया जीफोर्स जीटीएक्स १०५० टीआय. "बघा, विंडोजच सांगतंय." निघताना एवढंच म्हणाला, की नवा ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) टाकू नका, कार्ड रिफर्बिश्ड असल्यामुळे उडू शकतं.

हे वाक्य कुठल्याही दुकानात ऐकू आलं तर तिथूनच परत फिरा. सरळमार्गी कार्डाला नव्या ड्रायव्हरची भीती नसते.

घरी ब्लेंडरच्या सेटिंगमध्ये कूडाच्या यादीत, म्हणजे रेंडरला वापरता येणारी एनव्हिडियाची कार्डं जिथे दिसतात तिथे, कार्ड दिसेनाच. रेंडर पूर्वीसारखंच प्रोसेसरवर चालू. एखादा जड सीन उघडला की स्क्रीन काळी. मुलीच्या वर्गातल्या एका मुलाने तिला जीपीयू-झेड नावाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर चालवायला सांगितलं. ती छोटी खिडकी उघडली आणि कार्डाच्या नावाच्या आधी कंसात शब्द आला, "फेक". २०१८ पासून हे सॉफ्टवेअर अशी बनावट कार्डं ओळखून तसा शिक्का मारतं. खाली चिपच्या रकान्यात जीएफ११६. खऱ्या १०५० टीआयवर तिथे जीपी१०७ दिसायला हवं. शेडर्स, म्हणजे कार्डातले हिशोब करणारे छोटे घटक, १९२. खऱ्यात ७६८ असतात.

म्हणजे आमच्या हातात होतं ते एनव्हिडियाच्या २०११ सालच्या फर्मी पिढीचं कार्ड. १०५० टीआय बाजारात आलं २०१६ मध्ये. जुन्या कार्डाच्या बायोसमध्ये, म्हणजे कार्डातच भरलेल्या मूळ प्रोग्राममध्ये, फेरफार करून खोटं नाव आणि खोटी मेमरी भरतात, वर नवा पंखा आणि नवं कव्हर बसवतात. विंडोज बिचारं कार्ड जे नाव सांगेल तेच दाखवतं. ४ जीबी लिहिलेलं असतं, प्रत्यक्षात १ जीबी असते, म्हणून त्याहून जास्त मेमरी लागली की सगळं कोसळतं. फर्मी कार्डांसाठी नवे ड्रायव्हर काढणं एनव्हिडियाने २०१८ मध्येच थांबवलं, म्हणून ती "ड्रायव्हर टाकू नका"ची सूचना.

कार्ड बाहेर काढून उजेडात पाहिलं तर त्यावरही खुणा होत्याच. मागच्या पट्टीवर निळा व्हीजीए पोर्ट. १०५० टीआयच्या चिपमधून व्हीजीएला लागणारा अॅनालॉग सिग्नल निघतच नाही, त्यामुळे त्या कार्डावर व्हीजीए दिसला की तिथेच थांबायचं. कडेला सहा पिनांचा पॉवर कनेक्टर होता. खरं कार्ड ७५ वॉटचं, बहुतेक मॉडेल्सना स्लॉटमधूनच वीज पुरते. काही कंपन्या सहा पिना देतात, तेव्हा नुसत्या त्यावरून निकाल देऊ नका, पण व्हीजीएच्या जोडीला तेही दिसलं तर संशय पक्का.

मग बाकीचंही तपासलं. सीपीयू-झेड या तशाच फुकट सॉफ्टवेअरमध्ये मेमरीचा टॅब उघडला. तिथे १२०० च्या आसपास आकडा होता. डीडीआर प्रकारच्या रॅममध्ये हा आकडा दुप्पट करून वाचायचा, म्हणजे रॅम २४०० ची. सांगितली होती ३२०० ची. एसपीडीच्या टॅबमध्ये (तिथे प्रत्येक रॅमची माहिती असते) दोन स्लॉटला दोन वेगळ्या कंपन्या, दोन वेगळी वर्षं, दोन्ही जुन्या. माझी चांगली ३२०० ची रॅम गेली ती गेलीच.

एसएमपीएसचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं, कारण हा प्रकार नुसता पैशांचा नाही. नव्या डब्यावर मोठ्या अक्षरात ५०० वॉट, पण बाजूच्या तक्त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात १४ अँपिअर. बारा गुणिले चौदा, एकशे अडुसष्ट. प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही मुख्यतः १२ व्होल्टवरच चालतात, तिथे हा डबा १६८ वॉट देणार. हातात घेतला तर माझ्या जुन्यापेक्षा कितीतरी हलका. असा डबा लोडखाली गेला तर मदरबोर्ड आणि हार्ड डिस्क सोबत घेऊन जाऊ शकतो, आणि माझी सगळी कामं त्या डिस्कवर. "जुना झालाय" म्हणून त्याने काढून घेतलेला माझा एसएमपीएस अजून वॉरंटीत होता. बिल आणि खोकं माझ्याकडे होतं, त्यावरच्या सिरीयल नंबरावरून कंपनीकडे खात्री करून घेतली.

दुकानात परत गेले तर आवाज बदललेला. आधी "सॉफ्टवेअर चुकीचं दाखवतंय", मग "सेकंडला गॅरंटी नसते", आणि शेवटी "तुम्ही धंद्यासाठी घेतलंय, ग्राहक कायदा तुम्हाला लागू नाही." हे शेवटचं साफ खोटं आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्पष्टच लिहिलंय की स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी हेतूची धरली जात नाही. शिलाई मशीनवाली बाई, रिक्षावाला, घरून डीटीपी करणारी मी, आम्ही सगळे ग्राहकच. ज्या पुण्यात १९७४ साली ग्राहक पंचायत ही ग्राहकांची चळवळ सुरू झाली, तिथे हे काउंटरवरून खुशाल ऐकवलं जावं याचा मला फार राग आला.

मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. जीपीयू-झेडचे स्क्रीनशॉट, कार्डाचे फोटो, यूपीआयची पावती, हाताने लिहिलेलं बिल आणि २०१९ ची पक्की बिलं जोडली. दुकानदाराला रजिस्टर्ड पोस्टाने पत्रही पाठवलं. यूपीआयच्या पावतीमुळे पैसे घेतलेच नाहीत असं त्याला म्हणता आलं नाही. रोखीने दिले असते तर ते कच्चं बिल कुणी विचारलं असतं देव जाणे.

माझ्या एका डीटीपीवाल्या मैत्रिणीला वेगळ्या तऱ्हेने गंडवलं, तेही सांगते. "आय-फाइव्ह, १६ जीबी, ५१२ एसएसडी, १५ हजारात पूर्ण सेट". घरी बघितलं तर आय५-२४००, म्हणजे २०११ चा प्रोसेसर. आय-फाइव्ह ऐकून भुलू नका, पुढचा आकडा विचारा. विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची लागते, आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला.

दुकानात काय करायचं? पेनड्राइव्हवर जीपीयू-झेड, सीपीयू-झेड आणि क्रिस्टलडिस्कइन्फो घेऊन जा आणि पैसे देण्याआधी काउंटरवर चालवा. तिसऱ्यात एसएसडी किती तास वापरलेली आहे तेही कळतं. मशीन ठेवून जायची वेळ आलीच तर आधी झाकण उघडून आतल्या प्रत्येक पार्टचा, सिरीयल नंबर दिसेल असा फोटो काढा. बिलावर मॉडेल आणि सिरीयल नंबर लिहून देत नसेल तर दुसरं दुकान बघा. पेठेत प्रामाणिक दुकानदार भरपूर आहेत, आणि ते या तपासणीला हसून होकार देतात. नंतर मी जिथून नवा एसएमपीएस घेतला, तिथल्या दादांनी स्वतःच तक्त्यातला अँपिअरचा आकडा दाखवला.

हेल्पलाइनकडून विचारणा गेल्यावर कार्डाचे साडेपाच हजार परत मिळाले. रॅम आणि एसएमपीएसचे मिळालेले नाहीत, माझे जुने पार्टही नाहीत. त्यासाठी आता जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे ऑनलाइन अर्ज भरते आहे. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लागतोच असं नाही, मुदत दोन वर्षांची. अशीच बनावट कार्डं पुण्यात कुणाला मिळाली असतील तर तुम्हीही तुमची तक्रार नोंदवा.