मॉडेलरसाठी छोटा पॉवर अँप: ४४ मॅग्नम की पॉवरस्टेज १७०?

मॉडेलर (अँप आणि पेडलच्या आवाजाची डिजिटल नक्कल करणारं यंत्र) गिटार कॅबिनेटवर, म्हणजे स्पीकरच्या पेटीवर, वाजवायचा तर मधे सिग्नलला ताकद देणारा पॉवर अँप लागतोच. माझ्या यादीत शेवटी दोन उरले: इलेक्ट्रो-हार्मोनिक्सचा ४४ मॅग्नम आणि सीमोर डंकनचा पॉवरस्टेज १७०.

४४ मॅग्नम अगदी पेडलएवढा. ४४ वॅट, व्हॉल्यूमचं एक बटण, एक ब्राइट स्विच, बस्स. कॅबिनेट मात्र ८ किंवा १६ ओहमचं हवं, ४ ओहमचं नको. त्याचा २४ व्होल्टचा अडॅप्टर घरी राहिला तर संध्याकाळ वाया. पेडलच्या ९ व्होल्टवर तो चालत नाही. जोर लावला की आवाज फाटू लागतो. थेट पेडल वाजवणाऱ्याला ते गोडही वाटेल, पण मॉडेलरमध्ये ड्राइव्ह (मुद्दाम फाडलेला आवाज) आधीच असतो. त्याच्यापुढे मला स्वच्छ ताकदच हवी.

ती पॉवरस्टेजकडे आहे: ४ ओहमला १७० वॅट. ८ ओहमवर ती बरीच उतरते, तरी ड्रमसमोर निभावते. शिवाय बेस, मिड, ट्रेबल. घरी नीट बसवलेला टोन हॉलमध्ये घुमू लागला, की मॉडेलरच्या मेनूत शिरायची गरज नाही. बेस जरासा मागे घेतला की गिटार मोकळी होते. स्टेजसाठी मी डोळे झाकून हाच घेईन. तालमीपुरता मॅग्नम पुरे.

दोन्हींपैकी काहीही घ्या, मॉडेलरच्या कॅबिनेटकडे जाणाऱ्या आउटपुटवरचं कॅब सिम्युलेशन (कॅबिनेटच्या आवाजाची नक्कल) बंद करा. नाहीतर आवाज गोधडीखालून आल्यासारखा येतो. पीएकडे (हॉलच्या मुख्य स्पीकरकडे) जाणाऱ्या लाइनवर ते चालूच ठेवा.