मिरजेत सोलरला बॅटरी जोडून घेतली, त्याचा अनुभव

मागच्या वर्षी घरावर ३ किलोवॉटचं सोलर बसवलं, ते दुसऱ्या माणसाकडून, आणि पहिल्यांदा भर दुपारी लाइट गेली तेव्हा कळलं की वर एवढं ऊन असून घरात पंखा बंद. ऑनग्रिड, म्हणजे बाहेरच्या लाइनला जोडलेला इन्व्हर्टर लाइट गेली की आपोआप बंद होतो, खांबावरच्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून, ते बरोबरच आहे, पण विकताना सांगायला नको? फार राग आला होता.

यावेळच्या दुकानदाराने आधी बॅटरी दाखवलीच नाही. त्यांचा पोरगा घरी आला, मेन वायरला क्लॅम्प मीटर लावला नि हिला म्हणाला काकू मोटर चालू करा, आकडा ४ वरून एकदम २८ अँपिअर, लगेच खाली ११. "काका, तुमची युनिटं कमीच आहेत, पण हा झटका झेपला पाहिजे." दोन्ही धरून ५ युनिटची लिथियम बॅटरी नि ५ केव्हीएचा हायब्रिड, म्हणजे सोलर, बॅटरी नि लाइन तिन्ही जोडता येणारा इन्व्हर्टर दिला.

मी रेल्वेत ओएचईला, म्हणजे रुळांवरच्या विजेच्या तारांच्या कामाला, भुसावळकडे ३० वर्षं काढलीत, त्यामुळे हे ऐकून लई बरं वाटलं, कारण रेल्वेचं दुखणं हेच. एक डब्ल्यूएपी-७ इंजिन ६३५० हॉर्सपॉवरचं, म्हणजे साडेचार मेगावॉटच्या वर, आणि २०२० मध्ये मध्य प्रदेशात बीनाला थेट रेल्वेच्या २५ हजार व्होल्टच्या लाइनला जोडलेला सोलर प्लांट अख्खा १.७ मेगावॉटचा, म्हणजे चढावर जोर लावलेल्या एका इंजिनलासुद्धा पुरत नाही, आणि गाडी पुढं गेली की त्या सेक्शनचा लोड जवळजवळ शून्य. तीच गाडी आदर्कीसारख्या घाटात उतरताना ब्रेक लावते तेव्हा उलट वीज तयार करते, जवळ ती घ्यायला दुसरी गाडी नसली तर ग्रिडकडं परत जाते. सबस्टेशनला बॅटरी असेल तर ती धरून पुढच्या चढणाऱ्या गाडीला देता येईल. पण महिन्याची युनिटं बघून बॅटरी ठरवली तर फसणारच, गाडीगणिक झटका मोजायला पाहिजे, त्या पोराने मोटरचा मोजला तसा.

तक्रार एकच, अर्थिंगचा खड्डा अर्धवट ठेवून गेले होते, दोनदा फोन केल्यावर येऊन मीठ-कोळसा भरून नीट केला. अर्थिंगशिवाय चालू करू नका, हे कळकळीनं सांगतो.

परवा वादळात रात्री चार तास लाइट नव्हती. फ्रिज, दोन पंखे, आईच्या हवेच्या गादीचा पंप, सगळं चालू. सकाळी उठून बघितलं तर बॅटरी ६४ टक्के.