‘ममी बनवा’ किट: ताईत छान, पट्टी बेकार आणि पुस्तिकेत एक मोठी चूक

वडोदऱ्याच्या कमाटीबागेतल्या म्युझियममध्ये सयाजीराव महाराजांनी १८९५ साली आणलेली इजिप्तची ममी आहे ना, ती बघून आल्यापासून माझा नऊ वर्षांचा भाचा एकच धरून बसला होता, मावशी त्या पट्ट्यांच्या आत काय असतं? म्हणून हे किट ऑनलाइन मागवलं. इथे चार दिवसांत आलं, पॅकिंग चांगलं. आत एक बाहुली, पट्टीचा रोल, चार छोट्या बरण्या, सहा ताईत आणि पुस्तिका.

आधी ताईतांबद्दल, कारण पैसे वसूल होतात ते तिथेच. शेणकिडा, होरस देवाचा डोळा, ओसिरिस देवाच्या पाठीच्या कण्याचा खांब, इसिस देवीची लाल गाठ, पपायरस या पाणवनस्पतीचा खांब आणि छोटी उशी. घडण खरंच सुबक आहे. पण कुठला कुठे ठेवायचा ते पुस्तिकेत लिहिलेलंच नाही हो! अहो सगळी गंमत त्यातच आहे. डोळा ठेवायचे पोटाच्या डाव्या बाजूला, जिथे चीर देऊन आतले अवयव काढलेले असायचे तिथे, म्हणजे ती जागा राखली जाईल. उशी कशासाठी तर डोकं धडापासून वेगळं होऊ नये म्हणून. आणि शेणकिडा छातीवर, त्याच्या खाली मंत्र कोरलेला, की हे माझ्या हृदया, मेल्यानंतरच्या न्यायाच्या वेळी माझ्याविरुद्ध साक्ष देऊ नकोस. आपण बाळाला दृष्टमणी बांधतो तीच माया की हो ही. तुतनखामुन राजाच्या ममीच्या पट्ट्या १९२५ मध्ये सोडवल्या तेव्हा थरांमध्ये १४३ वस्तू निघाल्या होत्या!

आता चूक. पुस्तिका म्हणते हृदय काढून बरणीत ठेवायचे. साफ चूक!! बरण्यांमध्ये यकृत, फुप्फुसं, जठर आणि आतडी जायची, हृदय शरीरातच राहू द्यायचे, कारण पुढे त्या न्यायाच्या वेळी ते मात या सत्याच्या देवीच्या पिसाशी तोलायचं असतं. हृदयच नसेल तर शेणकिड्याचा मंत्र म्हणायचा कोणाला? मुलांच्या हातात देताय तर एवढं तरी तपासा ना. विक्रेत्याला मेसेज केलाय, अजून उत्तर नाही.

पट्टी म्हणजे दवाखान्यातली जाळीची, तीपण नायलॉनची, गुंडाळली की सुटते. खरी पट्टी लिननची, जवसाच्या झाडाच्या धाग्याची. सत्तर दिवसांचं काम असायचं, त्यातले चाळीसेक दिवस नॅट्रॉन नावाच्या नैसर्गिक खारात शरीर सुकवण्यात जायचे, मग आधी एकेक बोट वेगळं गुंडाळायचे, मग हातपाय, मग सगळं अंग, मध्ये मध्ये राळ. (नॅट्रॉन किटमध्ये नाही, आम्ही मीठ आणि खाण्याचा सोडा मिसळून त्यात सफरचंदाची फोड पुरली, आठवड्यात मस्त सुकली, नक्की करून बघा.)

माझ्याकडून पाचपैकी तीन स्टार, ते ताईतांसाठी. घ्या, पण मोठ्यांनी सोबत बसा आणि हृदयाची ती ओळ आधीच खोडून टाका, मी टाकली.

आणि तो रोल वापरूच नका. इजिप्तमध्येही पुष्कळदा घरातल्या जुन्या चादरी, वापरलेले कपडे फाडूनच पट्ट्या करायचे, हे भाच्याला सांगत होते तर आईने ऐकलं, काही न बोलता कपाटातून आजोबांचं जुनं धोतर काढून दिलं. भाच्याने बाहुलीची बोटं नाहीत म्हणून निदान हात तरी वेगळे गुंडाळले, आणि शेणकिडा छातीवर ठेवून मंत्र मराठीत म्हटला.