कल्हईखाली तांबं नव्हतंच

42,630 रुपये. एवढ्याला मला गच्चीवरच्या सोलरच्या वायरीनं बुडवलं. पॅनेलनं नाही, इन्व्हर्टरनं नाही, वायरीनं. आणि मी परभणी जिल्ह्यातल्या मानवतमध्ये चोवीस वर्षं दहावीला विज्ञान शिकवतोय. 'रोध लांबीच्या सम प्रमाणात, काटछेदाच्या क्षेत्रफळाच्या व्यस्त प्रमाणात' हे वाक्य मी निम्म्या गावाकडून घोकून घेतलंय. त्यामुळं हे लिहिताना कानशिलं तापतात. पण गप्प बसलो तर सोलर बसवणारा तो पोरगा पुढच्या गल्लीत हेच करणार. करायलाच लागलाय.

सोलरमधल्या फसवणुकी तुम्हाला नव्यानं सांगायला नकोत. ॲडव्हान्स घेऊन फोन बंद करणारे, एक पॅनेल दाखवून दुसरं बसवणारे, अनुदानाच्या नावाखाली ओटीपी मागणारे. या सगळ्यांसाठी मी तयार होतो हो. पॅनेलचे सीरियल नंबर उन्हात उभं राहून वहीत उतरवले. पॅनेलच्या डीसी विजेची घरातली एसी वीज करणाऱ्या इन्व्हर्टरची वॉरंटी तपासली. वायर तेवढी बघितली नाही. वायर कोण बघतं?

माणूस अनोळखी नव्हता. आमच्या व्याह्यांच्या गावचा पोरगा, नोंदणीकृत विक्रेता, बोलायला गोड. 3 किलोवॅटची सिस्टीम, 545 वॉटची 6 पॅनेल, सगळे मिळून 1,92,000. सूर्यघर योजनेचं 78,000 अनुदान नंतर खात्यात आलं, त्याबद्दल तक्रार नाही. व्यवहार ठरल्यावर तो म्हणाला, "सर, इन्व्हर्टर वर जिन्याच्या खोलीत, मीटर खाली पुढच्या भिंतीला. 38 मीटर अंतर पडायलंय. बारकी वायर टाकली तर व्होल्टेजचा घोळ होतो. 6 स्क्वेअर एमएमची कॉपर टाकू, 14,750 जास्तीचे लागतेत."

हे खरं होतं! शब्दन् शब्द खरा. लांब अंतराला जाड वायरच लागते. खोटं बोलून फसवणारा एकवेळ परवडला, यानं मला माझाच धडा वाचून दाखवला आणि त्याचे 14,750 घेतले. मी मोजून दिले, रोख. पावती "नंतर देतो सर".

आता तो क्षण. रात्री झोप लागत नाही तो हा.

नोव्हेंबरातली सकाळ, गच्चीवर पोरं पॅनेलच्या वायरी ओढायलेली. कापलेला हातभर तुकडा माझ्या पायाशी पडला. उचलला तर आतली तार पांढरीफटक. मी म्हणालो, "अरे, ही ॲल्युमिनियमची दिसती." तो हसला. "नाही सर, टिन्ड कॉपर आहे. सोलरची डीसी वायर अशीच असती. तांब्याला कथलाचा मुलामा. कल्हईच की!"

आणि मी मान डोलावली. कारण हेही खरंच आहे. सोलरच्या डीसी वायरीत तांब्याच्या तारांना खरंच कथिल लावलेलं असतं, गंजू नये म्हणून. उलट मीच खाली जाऊन बायकोला सांगितलं, आपल्या पातेल्यांना कल्हई करतात ना, तसंच. आमच्या आईच्या वेळी कल्हईवाला दारात भाता लावायचा, नवसागराचा धूर नाकात जायचा, कापसाच्या बोळ्यानं फिरवलं की पातेलं चांदीसारखं. पण घासून घासून महिन्याभरात तळाशी पिवळं दिसायला लागायचं. कल्हईखाली पितळ असतं म्हणून ती कल्हई! हे मला पाचव्या वर्षापासून माहीत. खिशात कागद कापायचं ब्लेड होतं. एकदा, फक्त एकदा खरवडलं असतं तर लाल दिसलं असतं किंवा नसतं.

नाही खरवडलं. तो तुकडा मी परसात तोंडल्याचा वेल बांधायला वापरला. बांधताना दोनदा वाकवला आणि कट्‌कन तुटला. तांबं असं तुटतं का? हातात पिसासारखा हलका होता. ॲल्युमिनियमची घनता 2.7, तांब्याची 8.96, हा तक्ता माझ्या वर्गाच्या भिंतीवर टांगलाय.

माझ्या बाजूनं एवढंच म्हणतो की समोर पाच माणसं काम करत असताना, ओळखीच्या पोराची वायर ब्लेडनं खरवडणं म्हणजे त्याला चोर म्हणणं. आपल्याकडं ते जमत नाही. त्याच भिडेवर यांचा धंदा चालतो.

थंडीत ऊन तिरपं, करंट कमी, काही कळलं नाही. मार्चपासून ऐन बारा वाजता इन्व्हर्टर बंद. मिनिटा-दोन मिनिटांनी सुरू, परत बंद. पडद्यावर 'ग्रिड ओव्हर व्होल्टेज'. त्याला फोन केला तर, "सर, लाइनचंच व्होल्टेज जास्त यायलंय, मी काय करू?" बिलं यायला लागली: 1,140, मग 2,310, मग 2,870. गच्चीवर 6 पॅनेल आणि खाली पंख्याचं बिल. मे महिन्यात पारा 43 वर गेला आणि एका दुपारी जळक्या रबराचा वास आला. पॅनेलच्या वायरीचा एक कनेक्टर वितळून काळा झालेला. (इथं एक सांगून ठेवतो, असं दिसलं तर हात लावू नका. ऊन आहे तोवर पॅनेल जिवंत असतं. सहा पॅनेलच्या माळेत तीनशेच्या घरात व्होल्टेज येतं, आणि डीसीची ठिणगी एसीसारखी आपोआप विझत नाही. आधी एसीचा स्विच बंद, मग डीसीचा आयसोलेटर म्हणजे पॅनेलकडची लाइन तोडायचा खटका, आणि मग जाणता माणूस.)

जाणता माणूस मिळाला तो मोटार वायंडिंगच्या दुकानात. त्यानं वायरीचं टोक सोलून ब्लेड फिरवलं आणि माझ्याकडं न बघता म्हणाला, "गुरुजी, ही पार आतपर्यंत पांढरी आहे." मग मीटरकडं जाणारी वायर घेतली, तीच ती 14,750 वाली. ती वरून लाल. खरवडल्यावर आतून पांढरी. ॲल्युमिनियमवर तांब्याचा पापुद्रा. म्हणजे एका वायरीत पांढऱ्याला तांबं म्हणून खपवलं, दुसरीत पांढऱ्याला तांबं फासलं. मग त्यानं तारा पेपरवर पसरून मोजायला लावल्या आणि मायक्रोमीटर लावला. प्रत्येक तार 0.3 मिलिमीटर. या जाडीच्या 84 तारा असल्या तर 6 स्क्वेअर एमएम भरतं. निघाल्या 56. म्हणजे 4. वरच्या प्लास्टिकवर मात्र ठसठशीत 6 छापलेलं.

त्या रात्री वहीत गणित मांडलं, जे नोव्हेंबरात मांडायला हवं होतं. 38 मीटर जायचे, 38 यायचे, 76 मीटर. करंट 13 अँपिअर. 6 ची तांब्याची वायर किलोमीटरला 3 ओहमच्या आसपास, म्हणजे 3 व्होल्टचा फरक. ही 4 ची बनावट वायर 7 ओहमच्या आसपास, म्हणजे 7 व्होल्ट. दुसऱ्या दिवशी मल्टिमीटर लावला: मीटरपाशी 247, वर इन्व्हर्टरपाशी 254. माझा इन्व्हर्टर 253 च्या वर गेलं की बंद पडतो. वीज बाहेर ढकलायची तर इन्व्हर्टरला लाइनपेक्षा वर चढावं लागतं, बारीक वायर त्याला आणखी चढायला लावते. लाइन जरा चढी होती, मान्य. पण नीट वायर असती तर 250 वर मजेत चाललं असतं. आणि कनेक्टर जळाला तो ॲल्युमिनियममुळं: त्यावर ऑक्साइडचा थर धरतो, दाबलेला जोड ढिला पडतो, ढिला जोड तापतो.

आता साहेब लोकांकडं या. वीज कंपनीच्या कार्यालयात चार खेपा. "मीटरपर्यंत आमचं, मीटरच्या पुढं तुमचं." मग तपासणीला माणूस आला होता तो काय बघायला? पॅनेलसमोर मला उभं करून फोटो काढला, चहा घेतला, अहवाल 'योग्य'. त्याच अहवालावर साहेबांची सही आहे, तो दाखवला तर म्हणतात, "आम्ही काय वायर सोलून बघायची का?" मग कोणी सोलायची साहेब? मी? मी सोलली नाही म्हणूनच तर इथं उभा आहे! पोर्टलवर तक्रार केली, अकराव्या दिवशी ती बंद, शेरा 'तक्रारदाराचे समाधान झाले'. कोणाचं समाधान झालं? मला कोणी फोनसुद्धा केला नाही. परत केली, परत समाधान. पोलीस ठाण्यात हवालदार म्हणाले, "माल दिला ना? मग फसवणूक कुठं झाली? दिवाणीत जा." वर हसून, "सर, तुम्ही तर सायन्सचे ना?" माझ्याच हाताखालून गेलेला पोरगा तो. 1915 वर ग्राहक हेल्पलाइनला फोन केला, निदान नीट ऐकून घेतलं, नंबर दिला. विक्रेत्यानं उत्तर दिलं नाही, विषय तिथंच.

दुरुस्ती मी पदरच्या पैशानं केली. वायर 13,260, कनेक्टर आणि डीसीचा डबा 4,800, मजुरी 3,500. त्यात आधीचे 14,750 आणि तीन बिलांचे 6,320 मिळवा. यावेळी डीसी वायरीवर आयएस 17293 छापलेलं वाचून घेतलं, तरीही दुकानातच खरवडली. दुकानदाराला राग आला. येऊ द्या. छापलेलं तर त्या 6 च्या वायरीवरही होतं. साधी घरातली पीव्हीसी वायर गच्चीवर देत असेल तर घेऊच नका, आपल्या उन्हात तिची साल तडकते. आणि भेंडोळं हातात घेऊन वजन बघा, काटा नसला तरी कळतं.

जिल्हा ग्राहक आयोगात गेलोय. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, मुदत दोन वर्षांची आहे, त्यामुळं "बघू, देईल" म्हणत बसू नका. वकिलांनी पहिला प्रश्न विचारला, "बिलावर काय लिहिलंय?" मे महिन्यात भांडून मिळवलेलं बिल काढलं. त्यावर स्क्वेअर एमएम नाही, तांबं नाही, किती मीटर ते नाही. "केबल, 1 लॉट, 14,750."

'6 ची कॉपर टाकू' हे सांगणारा त्याचा एक व्हॉइस मेसेज मोबाइलमध्ये सापडला, तेवढाच आधार. आणि वेलाला बांधलेला तो तुकडा. तो सोडवून पाकिटात घालून फायलीला लावलाय. तोंडल्याला आता सुतळी आहे.