एक टक्का दिला होता, पण कागदावर तो कधीच नव्हता

पुण्यात बाणेर-बालेवाडीच्या पट्ट्यात छोट्या स्टार्टअपमध्ये नोकरी शोधणाऱ्यांनी हे वाचावं, अशी कळकळीची विनंती. ‘पगार थोडा कमी घे, बाकीचं ईसॉपमध्ये देतो’ असं ज्यांना सांगितलं जातंय, त्यांनी तर नक्कीच. ईसॉप म्हणजे कंपनीचे शेअर पुढे ठरलेल्या किमतीला घेण्याचा कर्मचाऱ्याला दिलेला हक्क; असा एकेक हक्क म्हणजे ऑप्शन.

मलाही तेच सांगितलं होतं. आधीच्या पगाराच्या जवळपास निम्म्यावर यायचं आणि बदल्यात कंपनीचा १ टक्का घ्यायचा. फाउंडरने माझ्यासमोर एक्सेल उघडलं. एका रकान्यात कंपनीची किंमत १०० कोटी, शेजारी माझा टक्का, त्यापुढे १ कोटी. मग किंमत ५०० कोटी केली आणि माझा आकडा ५ कोटी झाला. ‘‘फ्रेशवर्क्स बघ ना,’’ तो म्हणाला. सप्टेंबर २०२१ मध्ये ती सॉफ्टवेअर कंपनी नॅसडॅक या अमेरिकी शेअर बाजारात गेली तेव्हा तिचे पाचशेहून जास्त कर्मचारी करोडपती झाल्याचं सगळ्यांनीच वाचलं होतं. त्यांच्या हातात रीतसर कागद होते, हे मात्र त्याने सांगितलं नाही.

माझ्या ऑफर लेटरमध्ये एकच ओळ होती: संचालक मंडळाच्या मंजुरीनंतर, कंपनीच्या ईसॉप धोरणानुसार १ टक्का ऑप्शन दिले जातील. वाचायला ठीक वाटते. पण कंपनी कायदा २०१३ च्या कलम ६२ नुसार ईसॉपची स्कीम आधी भागधारकांच्या ठरावाने मंजूर व्हावी लागते. नुसतं संचालक मंडळ पुरत नाही. मग प्रत्येकाच्या नावाने ग्रँट लेटर, म्हणजे ऑप्शन दिल्याचं पत्र, निघतं आणि तिथून व्हेस्टिंग, म्हणजे ते ऑप्शन खरोखर तुमचे होणं, सुरू होतं, तेही किमान वर्षभराने. ग्रँटच नसेल तर तुम्ही कितीही वर्षं राबा, हातात काही पडत नाही.

आम्ही विचारायचो. उत्तरं ठरलेली असायची. गुंतवणुकीचा राउंड क्लोज होऊ दे. सीए बघतोय. ‘‘अगं, तू तर फॅमिली आहेस, तुझं कुठे जातंय?’’ लातूरहून आलेला आमचा एक ज्युनिअर शिक्षणकर्जाचा हप्ता भरायला मित्रांकडून उसने घेत होता, पण ईसॉप हातचे जातील म्हणून नोकरी सोडत नव्हता. त्याच्याबद्दल मला आजही सगळ्यात जास्त वाईट वाटतं.

मग कंपनी विकली गेली. म्हणजे शेअर विकले गेले नाहीत, कोड आणि टीममधले निवडक लोक घेतले गेले. फाउंडरना नव्या कंपनीत मोठी पदं मिळाली. आम्हाला मेल आला की कोणत्याही स्कीमखाली कोणालाही ऑप्शन दिलेले नाहीत, त्यामुळे देणं काहीच लागत नाही.

स्टार्टअप बुडतात, त्याची माझी तक्रार नाही. ही फसवणूक का म्हणते ते सांगते. कंपनी मंत्रालयाच्या साइटवर १०० रुपये भरले की कोणत्याही कंपनीचे सार्वजनिक कागद बघता येतात. आमच्या कंपनीचे ताळेबंद मी उघडले. ऑप्शनसाठी शेअर राखून ठेवले असतील तर भागभांडवलाच्या टिपेत ते दाखवावे लागतात. माझं ऑफर लेटर निघालं त्या वर्षीही तिथे काही नव्हतं, पुढच्या वर्षीही नव्हतं. खाली सह्या मात्र त्याच माणसांच्या होत्या, जी आम्हाला दर वेळी ‘होतंय, होतंय’ सांगत होती.

शेवटच्या महिन्यांचे पगारही थकले. पगारातून कापलेला टीडीएस २६एएसमध्ये, म्हणजे आयकर खात्याच्या कर-जमा नोंदीत, दिसत नाही. दिवाळखोरी कायद्याखाली जायचं तर २०२० पासून किमान १ कोटीची थकबाकी लागते. वकिलांनी पहिल्याच भेटीत तो रस्ता बंद असल्याचं सांगितलं. आता नोटिसा चालू आहेत.

म्हणून सही करण्याआधी ठरावाची प्रत आणि स्कीम मागा. टक्का नको, ऑप्शनची संख्या लिहून घ्या, आणि सगळे ऑप्शन धरून कंपनीचे एकूण शेअर किती तेही लिहून घ्या. एक्सरसाइज प्राइस, म्हणजे शेअर घेताना तुम्हाला भरावी लागणारी किंमत, किती, नोकरी सोडल्यावर किती दिवसांत शेअर घ्यावे लागतील, हे विचारा. कंपनी विकली तर गुंतवणूकदारांचे पैसे आधी फिटायची अट आहे का, हेही विचारा. बहुतेक वेळा असते, आणि त्या एक्सेलमधला १०० कोटीवर १ कोटीचा हिशेब तिथेच कोसळतो. शेअर घेताना बाजारभाव आणि तुम्ही भरलेली किंमत यांतल्या फरकावर कर लागतो. हे कोणी आपणहून सांगत नाही.

जे आधीच अशा नोकरीत आहेत त्यांनी हेच प्रश्न आज मेलवर विचारावेत. ऑफर लेटर आणि पगाराच्या स्लिपा घरी ठेवाव्यात. विक्री जाहीर झाली त्याच संध्याकाळी माझं ऑफिसचं खातं बंद झालं आणि चॅटवर दिलेली सगळी आश्वासनं त्यातच राहिली. ‘नंतर बोलू’ एवढंच उत्तर आलं, तर ईसॉप शून्य धरा आणि पगाराचं बोलणं नव्याने सुरू करा.